पाठ टेकण्यापुरती जागा

आई लिफ्टमध्ये झोपते, हे मला त्या दिवशी कळलं. भाजीच्या दोन पिशव्या तिच्या हातात, बाळ माझ्या छातीशी बांधलेलं, आणि लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे, त्यामुळे कुठंही बघितलं तरी आपणच. दार मिटलं, आकडे वर सरकायला लागले आणि समोरच्या आरशात आईचे डोळे मिटले. मला वाटलं चक्कर आली. हात पुढं करणार तेवढ्यात दिसलं की तिचे ओठ किंचित सुटलेत, खांदे उतरलेत, पिशव्यांचे बंद मात्र बोटांत घट्ट आहेत. ती झोपली होती. उभ्याउभ्या, कुणाला कळू न देता, आमचा मजला येईपर्यंतची झोप. लिफ्टनं थांबताना नेहमीचा हिसका दिला तशी ती जागी झाली आणि मध्येच तुटलेलं बोलणं पुढं चालू करावं तशी म्हणाली, "टोमॅटो वर ठेवायला हवे होते. चेपले बघ."

घरात आल्यावर मी पाजायला बसले. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत होता, ती भाजी धूत होती, आणि माझ्या आत तो लिफ्टचा हिसका अजून बसत होता. मी माझ्या आईला आयुष्यात झोपलेली पाहिलेलीच नव्हती. हे खरं असेल का, म्हणून मी मागं मागं जात राहिले. ती पाळणाघर चालवायची. आमच्या बाहेरच्या खोलीत दुपारी सतरंज्या पसरायच्या, त्यावर ओळीनं लोकांची पोरं, शेवटच्या टोकाला मी, आणि भिंतीला पाठ लावून बसलेली आई. तिचा एक हात या पोरावर, एक हात त्या पोरावर. तिच्या थोपटण्याची एक चाल होती. दोन हलक्या थापा, मग थोडं थांबणं, इतकं की पोराला वाटावं आता थांबली, आणि मग पुन्हा दोन. त्या थांबण्यातच पोरं झोपायची. खोलीभर नुसता श्वास व्हायचा, आणि ती तशीच बसून, ताठ, कुणाच्या तरी लेकराच्या नाकावरची माशी हाकलत. रात्रीही मी डोळे मिटायचे तेव्हा ती बसलेली असायची, उघडायचे तेव्हा उभी. मधल्या वेळात तिचं काय होतं, हा प्रश्न मला पडला नाही. आया झोपत नाहीत, अशी माझी साधी समजूत होती. आता माझ्याच मांडीवर ही ठकी आल्यापासून कळलंय की समजूत काही अगदीच चुकीची नव्हती. ठकी हे नाव आईनंच ठेवलंय, कागदावरचं नाव वेगळं आहे, ते घरात कुणी वापरत नाही.

ठकीच्या जन्माआधी आई आमच्याकडे परदेशात आली तेव्हा विमानतळावर मी काचेपाशी उभी होते आणि ती चाकांच्या खुर्चीतून बाहेर आली. हसत. "अगं, त्यांनीच बसवलं, मी काही मागितली नव्हती," हे तिचं पहिलं वाक्य. सुजलेले पाय बुटांत मावत नव्हते, बूट पिशवीत होते आणि पायांत विमानातले कागदासारखे मोजे. सगळा प्रवास ती मधल्या सीटवर बसून आली होती, एकीकडे एक गृहस्थ, दुसरीकडे दुसरे, दोघेही झोपलेले. त्यांना उठवावं लागू नये म्हणून ती पाणीच प्यायली नाही. मणक्याचं दुखणं तिला जुनंच, पाळणाघराच्या भिंतीनं दिलेलं, पण त्या प्रवासानं ते कायमचं वस्तीला आलं. आल्यापासून भांडी घासताना ती एक पाय उचलून धरते, बगळ्यासारखी. विचारलं की म्हणते सवय आहे. आणि मग एकदा मी न्हाणीघरात होते, तिला वाटलं पाण्याचा आवाज चालू आहे, पण मी नळ बंद केला होता. ती फोनवर मावशीशी बोलत होती. "पोर गोड आहे गं. जीव तुटेल तिला सोडून येताना. पण एकदा आले, पुरे झालं. तो प्रवास परत नाही व्हायचा माझ्याच्यानं. आता त्यांनीच यावं, जमेल तेव्हा." मी नळ पुन्हा सोडला. आमच्यासारख्यांच्या आयुष्यात 'जमेल तेव्हा' म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. ठकीला आजी फोनमध्ये राहणारी एक बाई म्हणून माहीत होणार होती, हनुवटी अर्धी कापलेली, सारखी विचारणारी, दिसते का मी?

माझ्याजवळ पॉइंट होते. हे सांगताना मला अजून थोडं हसू येतं, कारण नवरा म्हणतो आमच्या घरात पैसे कमी आणि पॉइंट जास्त आहेत. पोटुशी असताना इतर बायका नावं शोधतात, मी कोचावर मळमळत पडून हे शोधत होते: कोणत्या क्रेडिट कार्डावर काय घेतलं की पॉइंट मिळतात, ते पॉइंट कोणत्या विमान कंपनीच्या माइल्समध्ये बदलतात, ज्यांवर पैशांऐवजी तिकीट मिळतं, आणि आशियाला जाणारी बिझनेस क्लासची सीट, जी आडवी होऊन पलंग होते, ती अशा माइल्सवर कधी सुटते. मी एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. आडवं होणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी पायानं कळ दाबते, खुर्ची मागं जाते, आणि माणूस कितीही घाबरलेला असो, पाठ पूर्ण टेकते त्या क्षणी त्याच्या तोंडून एक उसासा सुटतो, त्याच्या नकळत. रोज ऐकते मी तो. आईला एकदा दाढेसाठी तिथं नेलं होतं. ती म्हणाली, "आडवं नको बाई. बसूनच बघा काय ते."

पॉइंट जमवायला मी लाज सोडली होती. मैत्रिणींबरोबर बाहेर खाल्लं की बिल मी कार्डानं द्यायची, त्यांनी मला रोख द्यायचे. आमच्या डॉक्टरीणबाई भल्या, त्यांनी दवाखान्याचं सामान माझ्या कार्डावर मागवू दिलं. हातमोजे, कापसाचे बोळे, साचे घ्यायची गुलाबी भुकटी. त्या विचारायच्या, "झाली का गं तुझी सीट?" मी म्हणायची, "हात टेकायची दांडी झालीय." खरं तर ती सीट माझी आणि नवऱ्याची असायची होती. लग्नानंतर कुठं गेलो नव्हतो, तर एखाद्या निळ्या पाण्याच्या बेटावर जायचं, झोपून जायचं, आणि इतर लोक टाकतात तसा स्वतःच्या पसरलेल्या पायांचा फोटो टाकायचा. विमान कंपनीच्या तक्त्यात आशिया ही एकच ओळ आहे. एवढे माइल्स, एक बाजू, आशिया. त्या ओळीत बेटं बसतात तशीच आईच्या गच्चीतली कपड्यांची दोरीही बसते, तिच्यावरचे लाकडी चिमटे, मावशीचा वरच्या मजल्यावरून टाकलेला आवाज, हे माझ्या लक्षात यायला लिफ्ट लागली. त्या दिवशी नवरा कामावरून आला, तो पूल तपासतो, कपड्यांना गंजाचा वास येतो, त्याला मी सगळं सांगितलं. मी परतीच्या वाटेवर तिच्याबरोबर जाणार, थोडे दिवस तिकडे राहून येणार, हे आमचं ठरलेलंच होतं. त्यानं ठकीला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाला, "बेट कुठं पळून जात नाही. आईंना झोपवून ने."

सीट सुटली, पण एकच. आमच्याच विमानात, पुढच्या भागात, एक. मी ती आईच्या नावावर घेतली आणि तिला सांगायला गेले. ती ठकीच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती.

"किती पडले?"

"काही नाही. पॉइंट आहेत."

"म्हणजे कोण देतंय?"

"बँक देते."

"बँक कधीपासून द्यायला लागली?" तिनं घडी हातानं दाबून सपाट केली. "आणि तू?"

"मी मागं. ठकीला मांडीवर घेऊन."

तिनं हातातलं दुपटं खाली ठेवलं. "म्हणजे मी तंगड्या पसरून पुढं झोपायचं आणि लेकुरवाळी पोर मागं अवघडून बसणार. लोक काय म्हणायचे ते म्हणू देत, मला झोप लागेल का ते सांग."

"आई, तुझी पाठ."

"पाठ आहे ती माझी आहे. दोघी पुढं, नाहीतर दोघी मागं. आणि मला यातलं काही कळत नाही म्हणून गुपचूप काही करू नकोस, विमानात उठून मागं येईन, सांगून ठेवते."

ती आली असती. पडदा सारून, खुर्च्यांच्या पाठी धरत धरत, बगळ्यासारखी, माझ्या रांगेपाशी येऊन उभी राहिली असती. म्हणून मी दुसऱ्या सीटवर पाळत ठेवली. फोनमध्ये तशी सोय असते, सीट सुटली की टुण वाजतं. विमान सुटण्याच्या आधीच्या दिवसांत कंपनी न विकलेल्या सीटा सोडते, कधी सोडते, कधी नाही. मी पाजताना बघायची, ठकी ढेकर देईपर्यंत बघायची. आई म्हणायची, "दूध पाजताना फोन बघू नये, पोरं पण वखवखलेली होतात." मी फोन उशीखाली सरकवायची आणि कान तिथंच ठेवायची. मला वाटतं त्या दिवसांत मी दोन बाळं सांभाळत होते, एक छातीशी आणि एक उशीखाली, दोन्हींच्या रडण्याची वाट बघत.

आणि ते वाजलं तेव्हा मी अंघोळ करत होते. बाहेर आले तर घर शांत, ठकी झोपलेली, आई शेजारी बसून थोपटतेय. फोन उचलला. एक सीट सुटल्याचा निरोप येऊन पडला होता. मी ॲप उघडलं, सीट नव्हती. गेली होती. कुणीतरी घेतली होती, कुठल्यातरी दुसऱ्या गावातल्या कोचावरून, कोरड्या हातांनी.

"आवाज कुणी बंद केला?"

"मी केला. आत्ताच डोळा लागलाय तिचा. सारखं टुण टुण."

"आई, एकदाच वाजलं असेल ते. एकदाच वाजणार होतं."

"हळू बोल."

मी हळू बोलले नाही. मी म्हणाले, "तुला परत यायचंच नाहीये. मावशीला सांगत होतीस, मी ऐकलंय." आईचा हात थांबला, तिच्या नेहमीच्या थांबण्यापेक्षा जास्त वेळ, इतका की ठकीनं झोपेत तोंड वाकडं केलं, मग तो पुन्हा चालू झाला.

"ऐकलंस होय," ती म्हणाली. ठकीच्या अंगावरचं दुपटं वर ओढत म्हणाली, "तुम्हाला सोडून तिकडं एकटं बसायची मला काय हौस आहे? पाठ ऐकत नाही गं." आणि मग, फोनकडे हनुवटीनं दाखवत, "ते परत वाजेल का?"

"माहीत नाही."

"वाजलं तर कसं वाजतं ते मला ऐकव."

मी ऐकवलं. अगदी बारीक आवाजात. तिनं मान तिरकी करून ऐकलं, जशी ती पाळणाघरात शेजारच्या खोलीतल्या रडण्यावरून कोणतं पोर ते ओळखायची. त्यानंतर फोन तिच्या ताब्यात गेला. ठकीच्या पावडरीच्या डब्याशेजारी तिनं त्याची जागा केली, खाली रुमाल घातला, येता जाता पुसला. मी खोलीत पाऊल टाकलं की ताप मोजल्यासारखी सांगायची, "काही नाही अजून." नवरा म्हणाला, "आता त्या फोनलाही दुपटं शिवतील आई." ती म्हणाली, "तुम्ही पूल बघा."

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी वजनकाट्यावर बॅग घेऊन उभी होते, खाली आकडा दिसत नव्हता, आणि आतून आई धावत आली. ती धावली, हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तिला धावता येतं हे मी विसरले होते. हात साबणाचे, म्हणून फोन टॉवेलच्या टोकात धरलेला, गरम पातेलं आणावं तसा. "वाजलं. तेच वाजलं. मी दुसऱ्यांदा वाजायची वाट नाही बघितली." ठकी दचकून रडायला लागली. सीट होती. आईच्याच शेजारची. पण माझे उरलेले पॉइंट अजून कार्डावर होते. ते माइल्समध्ये बदलले की परत मागं येत नाहीत, आणि बदलायला वेळ घेतात, आणि तेवढ्या वेळात सीट गेली तर हातात नुसतेच माइल्स. हे भय पॉइंट जमवणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात असतं. मी बटण दाबलं आणि कंपनीला स्पीकरवर फोन लावला, कारण माणसाशी बोललं तर कधी कधी सीट धरून ठेवतात. एक बाई आली फोनवर, घसा बसलेली. मी सांगत होते, ठकी माझ्या बोलण्याच्या वर आवाज काढून रडत होती. बाई म्हणाली, "बाळ तुमच्याबरोबर जाणार आहे ना? मग आधीची मागची सीट सोडते आणि बाळाचं नाव या सीटला जोडते. लोक हेच विसरतात आणि विमानतळावर रडत बसतात. थांबा, सीट धरली आहे मी, पण फार वेळ धरू देत नाहीत मला." मग संगीत लागलं.

त्या वेळेत माझे पॉइंट कुठंच नव्हते. कार्डावर शून्य, कंपनीकडेही आलेले नाहीत. हातमोजे, कापूस, गुलाबी भुकटी, मैत्रिणींची बिलं, निळं बेट, सगळं कुठल्यातरी मधल्या काळोखात तरंगत होतं. मी बॅगेवर बसले. आईनं ठकीला खांद्यावर घेतलं आणि थोपटायला लागली, दोन थापा, थांबणं, दोन थापा, आणि मला बऱ्याच वेळानं कळलं की तिचा दुसरा हात माझ्या पाठीवर आहे आणि तोही तेच करतोय. तिलाही ते माहीत नव्हतं. तिचं लक्ष फोनकडे होतं. संगीत थांबलं.

"आले तुमचे माइल्स," बाई म्हणाली. "दोन्ही सीटा शेजारी आहेत. मधल्या जोडीतल्या, खिडकी नाही, चालेल ना?"

आईनंच वाकून फोनमध्ये सांगितलं, "चालेल, चालेल." मग फोन ठेवल्यावर मला विचारलं, "पुढं?"

"पुढं. दोघी."

"बघ," ती म्हणाली, "मी वाजू दिला म्हणून."

विमानात शिरताना ती येतानासारखीच उजवीकडे वळली. तिकीट बघणाऱ्या मुलानं अदबीनं डावीकडे हात केला, तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं, वळू का, अशा नजरेनं. सीटवर ती पर्स मांडीत घेऊन अगदी कडेला बसली, जणू अजून कुणी यायचंय. "हे सगळं आपलंच?" पांघरुणाचं कापड तिनं दोन बोटांत घासून बघितलं. जेवण आलं तर रुमाल वापरायला तिचा जीव होईना, म्हणाली, "इस्त्री आहे त्याला." मग बाहेर लख्ख दुपार असताना त्यांनी खिडक्या मिटल्या, दिवे उतरवले आणि सगळ्यांना रात्र वाटून टाकली. चहूकडे माणसं आडवी व्हायला लागली. ठकी माझ्या छातीवर पसरली, दूध पिऊन ओठांवर तसंच ठेवून झोपलेली. आई बसलेली. ताठ. अंधारात तिची ती ओळखीची आकृती, पाठीमागं भिंत असल्यासारखी, सगळ्यांकडे लक्ष ठेवून. मला एकदम पाळणाघर दिसलं. ही सगळी कोटवाली, चष्म्याचे ठसे नाकावर घेऊन झोपलेली मोठी माणसं तिला सोपवून कुणीतरी कामावर निघून गेलं होतं.

"झोप ना."

"झोपते. तू बघ तिच्याकडं."

मी आमच्या मधल्या बुटक्या भिंतीवरून हात घातला आणि कळ दाबली. तिनं दांडी गच्च धरली. सीट हळूहळू मागं गेली, पाय वर आले, पाठ खाली गेली, गेली, आणि पूर्ण टेकली. आणि मी तो ऐकला. तोच उसासा. दवाखान्यात कितीतरी अनोळखी माणसांच्या तोंडून ऐकलेला, आज तिच्या तोंडून, लांब, शेवटाला किंचित तुटलेला. कुणी म्हणेल उसाशात काय एवढं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, हात रिकामा नव्हता. पण तिचे डोळे उघडेच होते. छताकडे लागलेले. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोन हलक्या थापा. थांबले. दोन थापा.

"मला शिकवतेस?" अंधारातून ती म्हणाली.

"डोळे मीट."

"तुझं थांबणं कमी पडतंय. आणखी थांब."

मी आणखी थांबले. दोन थापा. थांबले, इतकं की वाटावं आता थांबली. पुन्हा दोन. तिसऱ्या की चौथ्या थांबण्यात काहीतरी सुटलं. तिचं तोंड उघडं पडलं. कपाळावरची ती उभी रेघ, जी मला तिच्या नाकासारखीच तिची वाटत आली होती, ती नाहीशी झाली. त्या रेघेखाली कुणी तरुण बाई होती, माझ्याच वयाची दिसणारी, अंगठ्यानं पांघरूण धरून झोपलेली. एक पाय गुडघ्यात मोडून तिनं बाजूला टाकला, ऐसपैस, सगळी जागा व्यापून. मग ती घोरायला लागली. आधी हळू, मग चांगलं खणखणीत. पलीकडच्या माणसानं मान वळवून बघितलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा वळला. मी जिंकले होते. कुणाला, ते मला सांगता आलं नसतं, मधल्या सीटला, त्या भिंतीला, 'जमेल तेव्हा'ला, पण छाती इतकी भरून आली होती की ठकी तिच्यावर वरखाली होत होती. माझी सीट मी आडवी केलीच नाही. इतक्या उचापती करून मिळवलेला पलंग, आणि मी सगळा प्रवास ताठ बसून होते, एक हात लेकीवर, एक हात आईवर. माझी पाठ भरून आली. मला मुळीच हलायचं नव्हतं. आपल्या माणसांना झोपवून जागं बसण्यात काय आहे ते आईनं मला कधी सांगितलं नव्हतं. सगळं स्वतःच घेत राहिली होती.

दिवे लागले. खिडक्या उघडल्या, आणि कुणाच्या तरी खिडकीतून आलेली उन्हाची फळी तिच्या चेहऱ्यावर पडली. सीटा सरळ करा, असं सांगत विमानातली मुलगी फिरत आली. आईनं डोळे उघडले, आपण कुठं आहोत ते शोधलं, माझा चेहरा दिसल्यावर शोधणं थांबवलं.

"एवढ्यात आलं?" ती म्हणाली. नाराज होऊन.

"आलं."

ती उठून बसली. खाली वाकली, बुटांत पाय घातले. ते गेले. दोन्ही, एकामागून एक, सहज, आणि तिनं नाड्या बांधल्या. मी बघत होते हे तिच्या लक्षात आलं तशी तिनं केस नीट केले, ठकीचा बाहेर आलेला पाय पांघरुणात सारला आणि पलीकडच्या उजेडाकडे मान उंच करून बघितलं. खाली काहीतरी सरकत होतं, पाणी असेल, छपरं असतील, आमच्या जागेवरून दिसत नव्हतं.

"पुढच्या खेपेला," ती म्हणाली, "मला खिडकीची घे."